पावन्याच्या अंगावरचं मीठ

जनावर मारलं की आजार मेला, असं तुम्हाला खरोखर वाटतं का? उत्तराची घाई करू नका. आमच्या मामाच्या अंगणात उभं राहून कुत्र्यासाठी दोर मागणारी माणसंही एरवी शहाणीच होती. त्यांतला एक तर पदवीधर होता.

मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. पनवेलहून उरणकडे जाताना, द्रोणागिरीच्या अलीकडे, खाडीला लागून त्याचं गाव. शेतजमीन नव्या शहरात आणि बंदरात गेली होती. उरलं होतं ते मिठागरातलं काम. मी वाढले पनवेलात. वडील शाळेत शिक्षक होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. जमिनीच्या भावावर, गावठाणाच्या हद्दीवर, कारखान्यात गावच्या पोरांना घ्यावं म्हणून. स्वयंपाकघरात मोरीशेजारी सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. भाकरीला शाईचा वास यायचा आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. बाराखडीनंतर मी पहिल्यांदा वाचली ती पत्रकंच. त्यामुळे कॉलेजात जाईपर्यंत माझी समजूत अशी होती की प्रत्येक वाईट गोष्टीमागे एक माणूस असतो, त्याचा पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर मोर्चा नेता येतो.

कुत्रा आला तो नव्वदीच्या सुरुवातीला. नवं बंदर चालू होऊन थोडी वर्षं झाली होती. भूमध्य समुद्राकडून आलेल्या एका बोटीवरच्या स्वयंपाक्याने तो पाळला होता. बोटीला नवा कप्तान आला आणि त्याला कुत्रा नको होता. बोटींना भाजी पोचवणाऱ्या मामाच्या मित्राने त्याला टेम्पोत रिकाम्या करंड्यांमागे बसवून बाहेर आणलं आणि मामाच्या दारात सोडलं. कागदपत्रं झाली होती का, मला माहीत नाही. कोणी विचारलंही नाही. तपकिरी रंगाचा, लांब कानांचा, पाय उंच. गावातल्या कुत्र्यांनी पहिल्याच दिवशी त्याला झोडपलं. तो मामाच्या पायांत येऊन बसला तो तिथलाच झाला.

"पावना हाय," मामा म्हणायचा. "बोट परत आली का जाईल."

बोट परत आली नाही. पावना राहिला.

तो मामाबरोबर मिठागरात जायचा. मामा लाकडी फळीने मीठ ओढत असला की हा बांधावर बसून राहायचा. ज्याने मिठागरात काम केलंय त्याला माहीत आहे, संध्याकाळी घरी येताना पोटऱ्यांवर, हातांवर, भुवयांवरसुद्धा पांढरं वाळलेलं असतं. कपडे झटकले तर जमिनीवर सांडतं. तसंच पांढरं आता कुत्र्याच्या अंगावरूनही सांडायला लागलं. पाठीवरून हात फिरवला की चंदेरी पापुद्रे खाली. मामी हसायची.

"दोघंबी सारकेच. घरात शिरले का मीठ सांडत येतात. आता भाजीत घालाया वेगला मीठ नको."

डोळ्यांभोवतीचे केस गेले. चष्मा लावल्यासारखी दोन गोल वर्तुळं दिसायला लागली. मामा म्हणाला, खाऱ्या वाऱ्याने. कानांची टोकं फुटली. मामा म्हणाला, खारं पाणी लागलं. त्यावर उपाय काय? तर तेच खारं पाणी. मिठागरातल्या लोकांचा असा विश्वास आहे की आगराच्या दाट पाण्याने कुठलीही खरूज जाते, आणि माणसांच्या बाबतीत ते कित्येकदा खरंही ठरतं. म्हणून मामा त्याला रोज त्या पाण्यात बुडवायचा. तो वाळला की आणखी पांढरा दिसायचा. त्यातलं मीठ कुठलं आणि कातडं कुठलं, हे कोणाला सांगता आलं असतं? दुसऱ्या कुठल्याही गावात लोक घाबरले असते. आमच्याकडे पांढरं अंग म्हणजे कामावरून आलेलं अंग.

नारळी पौर्णिमेला मी मामाकडे गेले. तोवर पाऊस मुरला होता, मिठागरं पाण्याखाली होती, फळ्या माळ्यावर चढवलेल्या होत्या. ओटीवर बसले तसा पावना आला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला. वजनच नव्हतं त्याला. उठले तेव्हा माझ्या गडद निळ्या परकरावर पांढरा सडा पडला होता.

"मामा," मी म्हणाले, "आगर तर बुडालंय. मग हे मीठ कुठलं?"

मामा जवळ आला. परकरावरचा एक पापुद्रा त्याने बोटावर उचलला, उजेडाकडे धरला आणि सरळ जिभेवर ठेवला.

"अगं बाई! काय खातोस!" मामी ओरडली.

त्याने तो जिभेवर घोळवला. मग थुंकला.

"खारट नाय," तो म्हणाला. "हा मीठ नाय गो."

त्यानंतर आम्ही त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि मग सगळंच दिसलं. बरगड्या मोजता येत होत्या. नखं इतकी लांब वाढली होती की चालताना फरशीवर वाजत होती. मागचा एक पाय तो उचलून धरत होता. त्याच आठवड्यात एका दुपारी ओटीवर त्याच्या नाकातून रक्त आलं, थेंब थेंब, बराच वेळ. ते शेजारच्यांनी पाहिलं.

शेजारी म्हणजे मामाचा चुलतभाऊ. तोच पदवीधर. जमिनीचे पैसे आल्यावर त्याने ट्रक घेतला होता आणि बांधकामांना खडी पुरवायचा. त्याची दोन पोरं लहान होती. तो आला तेव्हा मागे आणखी चार-पाच जण होते.

"दादा, मी काय वैरी हाय का तुझा?" तो म्हणाला. "पर माझी पोरं याच अंगनात खेलतात. ह्याचा कातडा झडतो, नाकातून रगत येतो. उद्या पोरांना झाला तर? गनपतीला घर पावन्यांनी भरेल. त्याच्या आत ह्याला वाटेला लावू. तुझ्यानं व्हत नसेल तर दोर दे, आमी करतो."

"दोर नाय माझ्याकडं," मामा म्हणाला. दोर त्याच्या मागेच खुंटीला लटकत होता.

"मग गनपतीपरेंत काय ते कर."

अशी मुदत मिळाली. पावना जगणार की नाही, हे गणपतीच्या आत ठरणार होतं.

मी रागाने नुसती फणफणत होते. पनवेलला परतल्यावर रात्री जेवताना वडिलांना म्हणाले, हे सगळं बंदरातल्या रसायनांमुळे आहे, खाडीत काहीतरी सोडतायत, उद्याच पत्रक काढू. वडील म्हणाले, "काढू. आधी कुत्र्याला डॉक्टरकडे ने."

पनवेलच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तेव्हा एक डॉक्टरीणबाई नव्या आल्या होत्या. तिथे सगळा कारभार म्हशींचा आणि बैलांचा. कुत्रं घेऊन कोणी आलं तर ते चावल्याची तक्रार करायला. मामा मिठाच्या ट्रकमधून त्याला घेऊन आला, मी फाटकाशी भेटले.

बाईंनी आधी हातच फिरवले. जबड्याखाली, खांद्यांपुढे, मागच्या गुडघ्यांच्या पाठी. तिथल्या गाठी सुपारीएवढ्या झाल्या होत्या.

"पाणी जास्त पितो?" त्यांनी विचारलं.

"मिठात ऱ्हानारा मानूस पानी पिनारच," मामा म्हणाला.

"मी कुत्र्याचं विचारते."

"मी पन त्याचाच सांगतो."

त्या हसल्या. मग आवारातल्या झाडाखाली त्याने पाय वर केला तेव्हा त्यांनी चपळाईने बाटली पुढे केली. ती लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. स्वच्छ पिवळं पाणी बघता बघता गढूळ झालं, मग त्यात पांढरे तुकडे दिसायला लागले. अंडं उकळत्या पाण्यात फुटल्यावर दिसतात तसे. त्यांनी आम्लाचे दोन थेंब घातले. साधा क्षार असता तर विरघळला असता. पांढरं गेलं नाही.

"हे त्याच्या रक्तातलं प्रथिन आहे," त्या म्हणाल्या. "हे इथे असायला नको." आता त्या हसत नव्हत्या.

गुडघ्यामागच्या गाठीत सुई घालून त्यांनी काचेच्या पट्टीवर थेंब घेतला, रक्त काढलं आणि सगळं मुंबईला त्यांच्या शिक्षकांकडे पाठवलं. मामीने त्या दिवसांत त्याला रोज अंडी आणि सुकट चारली. आजारी जिवाला ताकद नको का?

निकाल आला तेव्हा बाईंनी आम्हाला दोघांनाही बोलावलं. माझ्या पिशवीत जुनी पत्रकं होती, त्यांतल्या एकाच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं. एक मोठी पेशी आणि तिच्या पोटात बारीक बारीक अंडाकृती दाणे. प्रत्येक दाण्यात एक ठिपका आणि शेजारी एक काडी.

"हा परजीवी आहे. लीशमॅनिया. बिहारकडे माणसांना काळा आजार होतो, त्याच कुळातला. याच्या देशाकडे एक चिमुकली माशी असते, वाळूमाशी. ती चावते आणि हा अंगात जातो. आपल्या अंगातल्या ज्या पेशी जंतू गिळून संपवतात, त्या यालाही गिळतात. पण हा आत मरत नाही. तिथेच राहतो, तिथेच वाढतो."

"पोलिसाच्याच घरात चोर," मी म्हणाले.

"म्हण तसं. आता शरीरापुढे दोन वाटा असतात. एक, ज्या पेशीत हा लपलाय तिलाच बळ द्यायचं, म्हणजे ती याला आतल्या आत मारते. ज्या कुत्र्यांना हे जमतं ती परजीवी अंगात असूनही वर्षानुवर्षं धडधाकट राहतात. दुसरी वाट, रक्तात प्रतिपिंडं सोडायची. प्रतिपिंडं बाहेर फिरणाऱ्या जंतूला धरतात. पेशीत दडलेल्यापर्यंत ती पोचत नाहीत. याच्या शरीराने ही दुसरी वाट धरली. उपयोग होत नाही म्हणून ते थांबलं नाही. प्रतिपिंडं बनवतच राहिलं. याच्या रक्तात ती इतकी आहेत की रक्त दाट झालंय."

"मग ती नुसती वाया गेली," मी म्हणाले. "वाईट काय त्यात?"

"वाया गेली असती तर बरं झालं असतं. मेलेल्या परजीवींचे तुकडे रक्तात सुटतात, त्यांना ही प्रतिपिंडं चिकटतात आणि गुंते होतात. ते गुंते बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकतात. सांध्यांत, म्हणून पाय उचलतो. डोळ्यांत. आणि सगळ्यात जास्त मूत्रपिंडांत. जिथे अडकतात तिथे सूज येते आणि भिंत खराब होते. मूत्रपिंड म्हणजे गाळणी. त्यातून हवं ते सांडायला लागतं आणि नको ते आत राहतं."

मामा इतका वेळ चित्राकडे बघत होता. "उघाडीत चिखल बसला म्हना की," तो म्हणाला. खाडीचं पाणी आत-बाहेर करायला बांधाला जे दार असतं त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. "दार धड उघडत नाय, धड लागत नाय."

"हो. आणि चिखल बाहेरून आलेला नाही. निम्मा याच्याच अंगाने तयार केलेला आहे."

मला हे पटेना. अंगात शिरलेल्याशी अंग लढतं आणि त्या लढण्यानेच अंग मोडतं, हे मला कोणीतरी केलेला अन्याय वाटत होतं. मी विचारलं, बंदरातल्या रसायनांनी तर नाही ना? बाई म्हणाल्या, इथे यायच्या आधीच कधीतरी माशी चावली असेल, हा आजार अंगात कितीतरी काळ गप्प बसतो. माझ्या पिशवीत त्या दिवशी बंदराविरुद्धच्या पत्रकाचा कच्चा मजकूर होता. तो मी तिथेच फाडला. खोटं छापायचं नाही हा आमच्या घरचा पहिला नियम होता.

पण पत्रक हवंच होतं. गणपती जवळ आले होते. मी म्हणाले, "बाई, तुम्ही एवढंच लिहून द्या, की या कुत्र्यापासून कोणालाही धोका नाही."

"नाही लिहिणार."

"का?"

"कारण ते मला माहीत नाही. हात लावून, चाटून, एका अंगणात खेळून हा आजार एरवी होत नाही, हे मी सही करून देते. पण वाळूमाशी तुमच्या गावात आहे का, ती याला चावून दुसऱ्याला चावली तर काय होईल, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून दिवस मावळताना याला आत घ्या आणि माशी चावू देऊ नका. हे दोन्ही लिहा."

"असं ‘पण’ घातलं की पत्रक मेलंच," मी म्हणाले. "लोक फक्त ‘पण’च्या पुढचं वाचतात."

"मग पुढचं नीट लिही," त्या म्हणाल्या आणि पुढच्या म्हशीकडे गेल्या.

मी लिहिलं. वडिलांनी एकदा वाचलं आणि एकही शब्द न बदलता स्टेन्सिल कापलं. मामाच्या गावात मी ते घरोघर दिलं आणि संध्याकाळी अंगणात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. हा महारोग नाही. ही खरूजही नाही. शिवल्याने हा होत नाही. पण एका माशीमुळे होऊ शकतो, आणि ती आपल्याकडे आहे का ते अजून कोणी पाहिलेलं नाही. कुत्रा मारला तरी माशी राहते. म्हणून माशीचा बंदोबस्त करू.

चुलतमामा शेवटपर्यंत ऐकत होता. मला वाटलं होतं तो ‘पण’वरच झडप घालेल. त्याने विचारलं, "माशी दिसते कशी?"

"मच्छरापेक्षा बारीक. मच्छरदाणीच्या भोकातून आत जाते. ओल्या मातीच्या भेगांत, गोठ्याच्या कोपऱ्यांत राहते. उंच उडत नाही."

"मंजे आमच्या गोठ्याची भिंत," तो म्हणाला. गोठ्याची मातीची भिंत भेगाळली होती, सगळ्या गावाला दिसत होती. कोणीतरी मागून हसलं. "खडी इकतोस, भिंत लिंपाया माती नाय!" तोही हसला, मग म्हणाला, "भिंत मी लिंपतो. पर सांज झाली का ह्यो बाहेर दिसला नाय पायजे. दिसला तर माझा शब्द नाय."

मामीने आपलं मऊ झालेलं जुनं लुगडं उसवून त्याचा पडदा शिवला. ओटीच्या आतल्या कोपऱ्यात तो चारी बाजूंनी टांगला. दिवस कलला की पावना त्याच्या आत. गल्लीतल्या बायकांना आठवडाभर विषय पुरला.

"वयनी, भाऊजींनी तुमाला कदी मच्छरदानी आनली काय?"

"मी कुटं बोटीतून आले!" मामी म्हणायची.

गणपती आले आणि गेले. पावना पडद्याआड होता.

उपचाराचं मात्र सोपं नव्हतं. काळ्या आजाराची इंजेक्शनं होती, पण ती देताना आधीच फाटलेल्या मूत्रपिंडांवर ताण येण्याची भीती होती. बाईंनी मामाला हे तोंडावर सांगितलं. औषधाने परजीवी कमी होतील, कातडी बरी होईल, पण परजीवी पूर्ण जातीलच असं नाही, आणि मूत्रपिंडाचा जो भाग गेला तो परत येणार नाही. मुंबईच्या शिक्षकांचा विचार घेऊन त्यांनी मोठं इंजेक्शन टाळलं. माणसांना सांधे धरल्यावर देतात त्यातली एक गोळी सुरू केली आणि खाणं बदललं. सुकट बंद. खारट काहीही बंद. आगराच्या पाण्यात बुडवणं बंद. अंड्यांचा माराही बंद. मामी बाईंवर रागावली होती. "आजाऱ्याला उपाशी ठेवाया सांगतात!" भात, थोडं दूध, थोडं अळणी मटण, आणि समोर कायम गोडं पाणी.

दोन-तीन महिन्यांत पापुद्रे थांबले. डोळ्यांभोवती लव आली. पाय टेकायला लागला. थंडीत मिठागरं पुन्हा सुरू झाली तेव्हा तो बांधावर होता, तपकिरी, कोरडा. गावाच्या लेखी तो बरा झाला होता. चुलतमामाची पोरं त्याच्या पाठीवर बसायची. बाई मात्र दर खेपेला नळी तापवायच्या, आणि दर खेपेला त्यात पांढरं यायचं. कधी कमी, कधी जास्त. नाहीसं कधीच झालं नाही.

पुढचा पावसाळा त्याने काढला, त्यानंतरचा मिठाचा हंगामही जवळजवळ पुरा केला. उन्हाळ्याच्या शेवटी खाणं सोडलं. तोंडाला वेगळाच वास यायला लागला. पाणी प्यायचा आणि ओकायचा. अंगावर एक खपली नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला हे काय झालं ते कळत नव्हतं. बाईंनी रक्त तपासलं आणि मामाला सांगितलं, गाळणी संपली. आता जे साचतंय त्याने त्याला फक्त त्रास होईल.

मामा त्याला ट्रकमधून दवाखान्यात हलवायला तयार होईना. बाईच आल्या, एस.टी.ने, दुपारच्या. ओटीवर मामाच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. शेवटचं इंजेक्शन दिल्यावर त्याला जायला फार वेळ लागला नाही. चुलतमामा अंगणात उभा होता. नंतर खड्डा त्यानेच खणला.

पुरण्याआधी बाईंनी मामाला बाजूला घेऊन विचारलं, मूत्रपिंडं काढून मुंबईला पाठवू का? मामी तोंड फिरवून आत गेली. मामा म्हणाला, "न्या. कोनाच्या कामाला येत असेल तर न्या."

काही आठवड्यांनी बाईंनी मला दवाखान्यात बोलावून सांगितलं. मूत्रपिंडांच्या कापांमध्ये परजीवी शोधून शोधून अगदी थोडे सापडले होते. पण गाळणीच्या बारीक वाहिन्यांच्या भिंती जागोजागी जाड झालेल्या, कडक झालेल्या, कितीतरी ठिकाणी बुजून गेलेल्या होत्या. परजीवीने त्याला थेट मारलं नव्हतं. परजीवीला मारण्यासाठी त्याच्या शरीराने जे उभारलं, त्याने मारलं होतं. पहिल्यांदा कातडी झडली तेव्हा कोणी ती एक नळी तापवली असती तर? मी विचारलं. बाई म्हणाल्या, "वाचला असता असं म्हणणार नाही. जास्त जगला असता, असं बहुतेक म्हणेन."

मामाला मी हे सांगितलं. तो फक्त म्हणाला, "मंग हे लोकांना सांग. तुज्याकडं मशीन हाय ना?"

म्हणून सांगते. तुमच्या घरी कुत्रं असेल, मग ते बोटीतून आलेलं असो की गल्लीतलं, आणि ते नेहमीपेक्षा जास्त पाणी पीत असेल, वाळत असेल, केस गळत असतील किंवा नाकातून रक्त येत असेल, तर तेल, हळद, मीठ, ताकदीचं खाणं, शेजाऱ्याचा सल्ला हे सगळं एक दिवस बाजूला ठेवा. कुत्र्यांना या तक्रारी आणखीही कितीतरी आजारांनी होतात, आणि त्यांतले अनेक बरे होतात. उकळून वाळवलेल्या स्वच्छ बाटलीत त्याची सकाळची पहिली लघवी धरा, कुत्र्यासकट जनावरांच्या डॉक्टरकडे जा आणि एकच सांगा: यात प्रथिन जातंय का, ते पाहा. उद्या सकाळीच जा.